एका गाडीचे दोन नारळ

ज्यांनी माळशेज घाट ओलांडलेला नाही, किंवा ओलांडला पण एस.टी.त झोपून ओलांडला, अशा वाचकांसाठी हे लिहीत आहे. भिवंडीच्या सरकारी कचेरीबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या अर्जनवीसाला प्रवास फारसा घडत नाही. गावोगावची माणसे त्याच्याकडे येतात आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांतून तो बसल्या जागी मुलूख पाहतो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तरीही तालुक्यातील दुःखांना शुद्ध मराठी पुरवण्याचे काम मी उमेदीची सर्व वर्षे करीत आलो आहे आणि त्यामुळे पुष्कळ पक्षकार मला 'वकीलसाहेब' म्हणतात. मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही, हेही येथेच नमूद करतो.

प्रवासाआधी गाडीविषयी सांगणे क्रमप्राप्त आहे. गाडी जपानी आहे. कंपनीचे नाव मी लिहिणार नाही. तक्रार असल्याखेरीज कोणाचे नाव कागदावर आणू नये हा माझ्या धंद्याचा नियम आहे, आणि त्या कंपनीविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही. स्वस्तातील स्वस्त गाड्यांत तिची गणना होत असे, आणि काही वर्षे विक्री करून त्या नावाने येथला बाजार आवरता घेतला, एवढे पुरे.

ही गाडी आमच्या घरी सौ. सुलोचनेने आणली. जवळच्या वळ गावातल्या गोदामांत काम करणाऱ्या मुलांना ती डबे पुरवते. पूर्वी त्यासाठी रिक्षा सांगावी लागे आणि रिक्षा कंटेनरच्या रांगेत अडकली की वरण थंड होई. सबब तिने स्वतःच्या शिलकीतून नारपोलीच्या एका कारखानदाराची जुनी गाडी घेतली, गाडी शिकली, परवाना काढला. आरसी बुकावर नाव तिचे आहे. परवाना माझ्याकडेही आहे, आणि तो तिच्यापेक्षा जुना आहे. परंतु त्याचा उपयोग मी मुख्यतः ओळखपत्र म्हणून करतो.

मला त्या गाडीची लाज वाटत असे. गोदामांसाठी जमिनी दिलेल्या आमच्या आगरी बांधवांच्या दारात आता खोलीएवढ्या गाड्या उभ्या असतात. त्यांच्या शेजारी आमची गाडी लागली की म्हशींच्या गोठ्यात शेळी शिरल्यासारखी दिसते. हॉर्नदेखील शेळीचाच आहे. मी सौ.ला सांगून ठेवले होते की डबे देऊन परतताना कचेरीच्या दारात थांबायचे नाही, मागच्या गल्लीत थांबायचे. ती तसे करीत असे.

प्रवासाचे कारण असे. सौ.चे माहेर घाटावर, ओतूरच्या अलीकडच्या एका खेड्यात आहे. तिचे काका पूर्वी भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते, त्यांच्या ओळखीने आमचे लग्न जमले. तिच्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, गुडघ्यांनी जखडले आहे. त्यांची सख्खी मोठी बहीण चार कोसांवर दिलेली. पण दुचाकीवर मागे बसणे डॉक्टरांनी बंद केले, आणि माझा मेव्हणा दत्ता, जो टोमॅटोचा व्यापार करतो, त्याची मोठी गाडी इतकी उंच की तिच्या पायरीला गुडघा छातीशी आणावा लागतो. भावाबहिणीची भेट त्यामुळे खुंटली होती. सौ.ने नारपोलीत ही गाडी पाहिली तेव्हा इंजिन पाहिले नाही. पुढचे डावे दार उघडून ती सीटवर बसली, उठली, पुन्हा बसली. सीट बरोबर कमरेच्या उंचीला होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "तात्यांना जमेल."

आणखी एक गोष्ट तिने आमच्या संसारात एकदाच सांगितली, गाडी घरी आली त्या दिवशी. सातवीनंतरची शाळा पलीकडच्या गावात होती. घरात सायकल एकच आली आणि ती दत्ताला मिळाली. सुलोचना घरी राहिली. एवढे सांगून ती म्हणाली होती, "मी गाडी घेतली, मी चालवते, हे तात्यांना मी दारात उभी राहून सांगणार. तुम्ही फोनवर काही बोलू नका." फोनवर मी 'गाडी घेतली आहे' इतकेच बोललो. वाक्यात कर्ता घातला नाही.

कामतघर ते टोकावडे

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली. कचेरी बंद, गोदामे बंद. पहाटे भिवंडीतल्या आमच्या कामतघर वस्तीतून निघालो तेव्हा लूमच्या रात्रपाळीची माणसे कानातला कापूस काढीत चहाच्या टपरीवर उभी होती. शेजारचे अन्सारीभाई लूमवरून परतत होते. त्यांनी काचेत वाकून सौ.ला सांगितले, "भाभी, घाट में आराम से." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "और वकीलसाहब, आप बस बैठे रहना." सर्व हसले. मीही हसलो, पण काच वर केली.

दुर्गाडीचा पूल, कल्याणची धूळ, शहाड. मुरबाड मागे पडले की मुलूख बदलतो. भाताच्या कापलेल्या खाचरांत वाल उभा असतो, पळसाला अजून पाने असतात आणि समोर सह्याद्री सरळ उभ्या भिंतीसारखा दिसू लागतो. भिवंडीत आम्ही आभाळ दोन कारखान्यांच्या मधल्या फटीत पाहतो. येथे ते सबंध होते.

टोकावड्याच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे मिळाले; सौ.ने एक घास खाऊन डोळे मिटले, म्हणजे पसंत पडले. ती हात धुवायला गेली असता एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ चहाचा पेला हातात घेऊन जवळजवळ धावतच आमच्या गाडीकडे आले. त्यांचीही तीच गाडी, निळी, पलीकडे उभी होती. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी हर्षाने विचारले, गाडी तुमची का?

पलीकडच्या टेबलावर पांढऱ्या कपड्यांतले तीन-चार प्रतिष्ठित लोक जेवत होते. मी ऐकू जाईल अशा स्वरात म्हणालो, "माझी मोठी गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे. ही आपली डबे पोचवायची."

आमची दुसरी कोणतीही गाडी नाही. सौ. मागे येऊन उभी होती, हे मला मास्तरांच्या नजरेवरून कळले.

मास्तरांना माझ्या मोठ्या गाडीत रस नव्हता. ते आपल्या गाडीच्या कौतुकाला लागले. गाडी गरीब पण गुणाची, असे त्यांचे मत. थंडावा असा देते की मे महिन्यात बायको शाल मागते. पेट्रोल चिमणीएवढे पिते. दार जोराने लावू नये, पत्रा मनाला लावून घेतो. पुढच्या काचेला वायपर एकच, पण भुवया दोन असल्या तरी माणूस एकाच नजरेने बघतो ना, असे म्हणून ते स्वतःच हसले. या गाडीच्या मालकांचा त्यांनी फोनवर एक ग्रुप केला आहे. सुटा भाग कधी लगेच येतो, कधी वाट पाहायला लावतो. म्हणून कोणाची गाडी भंगारात निघाली की तिचे दिवे, आरसे, दारांच्या मुठी बाकीचे वाटून घेतात, प्रसादासारखे. मग ते सौ.कडे वळले. तिला गाडी आणताना त्यांनी पाहिले होते.

"ताई, घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका. कुरकुर करील, पण चढेल. माझी दर महिन्याला चढते."

सौ.ने त्यांचा नंबर घेतला. पैसे देऊन आम्ही निघालो. पुढचे बरेच अंतर मी निसर्गशोभा पाहत राहिलो.

घाट

माळशेजचे वर्णन लोक पावसाळ्यात करतात. हिवाळ्यातही तो वर्णनास पात्र आहे. धबधबे नसतात, पण त्यांचे काळे ओघळ कड्यांवर राहतात, आणि ते पाहून येथे काय कोसळत असेल याचा अंदाज येतो. बोगद्यापाशी माकडांची पंगत बसलेली होती. सौ. दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्यावरची नजर न हलवता, वळणामागून वळण घेत होती. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला तर तिने त्याला जागा दिली, घाई केली नाही. मी दरवाजावरचे कडे धरून बसलो होतो. आपली बायको इतकी शांतपणे घाट चढते, याचा अभिमान वाटावयास हवा होता. मला मात्र एकच चिंता होती, की माथ्यावर गेल्यावर गाव किती दूर आहे.

माथ्यावर हवा एकदम कोरडी आणि गार झाली. पुढे धरणाचे पाणी लागले. काठावर पांढरे पक्षी एका पायावर उभे होते. पाणी पाहू या, असे म्हणून मी गाडी थांबवायला सांगितली. पाणी पाहून झाल्यावर म्हणालो, येथून पुढे मी घेतो.

तिने कारण विचारले. मी कारण सांगितले ते असे: "तुझ्या माहेरी मी शेजारी बसून आलो तर काय दिसेल?"

 तिने किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. तिने वाद घातला असता तर बहुधा मी ऐकले असते. मी सीट मागे ओढली, आरसा माझ्या तोंडासमोर वळवला, आणि उरलेले अंतर दुसऱ्या गिअरमध्येच कापले, कारण तिसरा मला पहिल्यासारखाच वाटतो.

पहिला नारळ

सासुरवाडीचे गाव लहान, पण भरलेले आहे. कांद्याचे वाफे, द्राक्षांचे मांडव, प्रत्येक दारात ट्रॅक्टर. आमच्याकडे पाहुणा आला की आधी खुर्ची देतात. येथे आधी तांब्या देतात, पाय धुवायला. आणि घरी प्रथमच येणाऱ्या वाहनाला ओवाळल्याशिवाय उंबऱ्यासमोर उभे करीत नाहीत. दत्ताची बायको मंदा ताट घेऊन तयारच होती. तात्या काठी टेकून ओट्यावर उभे राहिले. चार शेजारी जमले.

मंदाने बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकांवर पाणी घातले, आणि नारळ हातात घेऊन म्हणाली, "मालक, पुढं या."

त्या क्षणी सौ. मागे डिकीपाशी होती. ती काहीतरी शोधीत होती आणि मंदाचे शब्द ऐकून तिने मान वर केली. मी तिला पाहिले. चार शेजाऱ्यांनी मला पाहिले. मी पुढे झालो, कुंकू लावून घेतले आणि नारळ फोडला. एका घावात फुटला. तात्या म्हणाले, "वा, जावईबापू. गाडी घेतली. बरं केलंत." मी नम्रपणे मान लववली.

सौ.ने डिकी बंद केली, पिशव्या उचलल्या आणि ती आत गेली.

संध्याकाळी मासवड्या केल्या होत्या. हा पदार्थ आमच्या खाडीकडच्या लोकांना नावामुळे फसवतो; त्यात मासा नसतो, बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे आणि लसूण यांचे सारण असते, वर झणझणीत रस्सा, आणि बाजरीची भाकरी. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. मग ओट्यावर बसून मंडळींना गाडीचा इतिहास सांगितला. लाज झाकण्यासाठी मी तो घरीच फोनवर वाचून ठेवला होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जपानात तीन गृहस्थांनी पैसे घातले आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून गाडीचे नाव ठेवले. पुढे लहान गाडी काढली तेव्हा त्या नावाला 'पुत्र' अशा अर्थाचे इंग्रजी शेपूट जोडले. पण तोच उच्चार त्यांच्या भाषेत 'तोटा' असा ऐकू येतो, म्हणून शेपूट बदलून सूर्याचे केले. ओट्यावर मी सूर्याचे सांगितले, तोट्याचे वगळले. त्या लहान गाड्या समुद्रापार देशोदेशी गेल्या, साध्या माणसांनी त्या वर्षानुवर्षे चालवल्या. नंतर मोठ्या कंपनीने ते नाव पुसून स्वतःचे लावले, आणि तीसेक वर्षांनी आपल्यासारख्या देशांत स्वस्त गाडी विकण्यासाठी पुन्हा बाहेर काढले.

"आणि आता परत बंद केलं," दत्ता म्हणाला. तो आपल्या मोठ्या गाडीला टेकून उभा होता. "म्हंजे दाजी, दोनदा मेलेली गाडी हाय ही."

ओटा हसला. मी म्हणालो की मूळ कंपनी जिवंत आहे आणि दुरुस्ती तिथे होते. दत्ता म्हणाला, "व्हय, मेलेल्याचं दिवस पन जितंच घालत्यात." सौ. उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. उद्या सकाळी तात्यांना आत्याबाईंकडे न्यायचे, असे तेव्हा ठरले. कोण नेणार, हे कोणी विचारले नाही. नारळ मी फोडला होता.

चारी

सकाळी तात्यांनी धुतलेले धोतर नेसले, टोपी घातली. गाडीचे दार मी उघडले. त्यांनी काठी आत टाकली, सीटवर बूड टेकले, एक-एक पाय आत घेतला आणि बसले. कोणाचा हात लागला नाही. ते स्वतःच आश्चर्याने म्हणाले, "आरं, बसलो की." मागच्या सीटवर सौ.ने पदर तोंडाला लावला. तो क्षण तिचा होता आणि स्टिअरिंग माझ्या हातात होते.

आत्याबाईंचा रस्ता उसातून जातो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाटाची चारी, म्हणजे शेतांना पाणी नेणारा कालव्याचा फाटा. पाण्याची पाळी चालू होती, त्यामुळे चारी तुडुंब वाहत होती. अर्ध्या वाटेवर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे जात नाही. मागे आपणच जायचे असते, हे तिकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. ट्रॅक्टरवाल्याने हात केला.

मागून सौ. हळूच म्हणाली, "अहो, मी घेऊ का मागं?"

मी म्हणालो, "गप बस."

वडिलांदेखत. लग्नाला इतकी वर्षे झाली. तिच्या माहेरच्या शिवारात हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले.

मग मी गाडी मागे घेतली. आरशात ऊस दिसत होता, म्हणून मी उसापासून दूर गेलो, आणि मागचे चाक चारीत उतरले. घाबरून मी पाय दाबला तो चुकीच्या जागी. गाडी गोल फिरली, डावा दिवा मोरीच्या, म्हणजे चारीवरच्या छोट्या पुलाच्या, सिमेंटवर आपटला, आणि मागचा अर्धा भाग पाण्यात बसला. नाक वर, शेपूट खाली. तात्या सीटवर मागे कलंडले. त्यांनी एका हाताने टोपी धरली आणि थोड्या वेळाने शांतपणे विचारले, "थांबली का?"

कोणाला इजा झाली नाही, हे येथे लिहितो. सौ. माझ्याकडे न पाहता मागच्या दाराने कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि तिने आधी वडिलांना बाहेर घेतले. ऊसतोडीची माणसे कोयते ठेवून धावत आली. ट्रॅक्टरवाला साखळी काढू लागला, तर त्यांतला एक गाडीला हात लावून म्हणाला, "हलकी हाय रं. साखळी कशाला, उचला." सात-आठ जणांनी चारी बाजूंनी हात घातले आणि पालखीसारखी ती गाडी उचलून रस्त्यावर ठेवली. ज्या हलकेपणाची मला भिवंडीत लाज वाटे, त्यानेच आम्हाला वर काढले. "जावईबापू," एक जण पाणी निपटीत म्हणाला, "पुढल्या येळंला येताना कांदं भरून आना. बूड जड पायजे."

मी हसलो नाही. पाणी काढावे म्हणून डिकी उघडली. कोपऱ्यात, पाणी न पोचलेल्या उंचवट्यावर, सौ.च्या जुन्या साडीच्या कापडात गुंडाळलेली एक गोल वस्तू होती. कापड सोडले. नारळ होता. शेंडी नीट विंचरलेली, वर हळदीकुंकवाची बोटे. कामतघरहून आणलेला. काल दारात मंदा 'मालक' म्हणाली तेव्हा सौ. डिकीत काय शोधीत होती, ते मला तेव्हा कळले.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. लुगड्यातून पाणी गळत होते.

"भिजला का?" तिने विचारले.

"नाही."

"मग राहू द्या तिथंच."

तात्या मोरीवर बसून हे सर्व पाहत होते. त्यांनी काठी गाडीकडे केली आणि मला विचारले, "जावईबापू, गाडी कुनाची हाय?"

माझा धंदा वाक्यांचा आहे. लोकांच्या तोंडून न निघणारी वाक्ये मी त्यांच्या वतीने कागदावर उतरवतो. येथे वाक्य चार शब्दांचे होते. ऊसतोडीची माणसे उभी होती, ट्रॅक्टरवाला उभा होता, आणि माझ्या तोंडून ते निघाले नाही.

"घरची हाय, तात्या," सौ. म्हणाली.

तिने मला झाकले. त्या झाकण्याने मला जितके उघडे केले तितके दत्ताच्या थट्टेनेही केले नव्हते. ती चालकाच्या जागी बसली. न बघता हात खाली घालून तिने सीट पुढे ओढली, आरसा एका बोटाने आपल्याकडे वळवला, आणि गाडी सुरू केली. तात्यांनी ते पाहिले.  मी मागे, भिजलेल्या सीटवर बसलो.

आत्याबाई

आत्याबाई अंगणात बोरे वाळत घालीत होत्या. भावाला पाहून त्या उठल्या नाहीत. तात्या स्वतःच्या पायांनी उतरेपर्यंत त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेले का जिती हाय, ते बघाया आलास व्हय?"

"गुडघं मेलं माझं," तात्या म्हणाले. "बाकी समदं हाय."

म्हातारीने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटे मोडली. मग तिळगूळ आला, मग चहा, मग कोणाच्या तरी सुनेची निंदा, आणि मग दोघे भिंतीला टेकून आपल्या आईविषयी बोलत बसले. सौ. त्यांच्या पायाशी बसली होती. मी अंगणाच्या कडेला, गाडीच्या फुटलेल्या दिव्यापाशी, काचेचे तुकडे वेचीत होतो. निघताना म्हातारीने एक भोपळा दिला. तो मागच्या सीटवर माझ्या शेजारी ठेवण्यात आला.

परत येताना पारावर माणसे बसलेली होती. चारीची हकिगत आमच्याआधी गावात पोचली होती. एकाने विचारले, तात्या, जावयानं नेलं का आक्काकडं? तात्यांनी काच खाली करायला सांगितले. सौ.ने केली.

"मपल्या लेकीनं नेलं," ते म्हणाले. "गाडी चालवती ती." आणि थोडे थांबून, "जावई मागं हायेत. भोपळा धरून."

पार हसला. मी भोपळा धरलेला होताच. घरी दत्ताने दिवा पाहिला आणि म्हणाला, "दाजी, तिसऱ्यांदा मारली का?" मंदाने त्याला दटावले. मी म्हणालो, "होय, मारली." त्या मुक्कामात मी बोललेले एवढेच खरे वाक्य.

परत

तिसऱ्या दिवशी निघालो. दारापासूनच सौ. चालकाच्या जागी बसली. तात्या काठी टेकीत गाडीपर्यंत आले. त्यांनी फुटलेल्या दिव्यावर तळवा ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तिला विचारले, "उन्हाळ्यात येशील तवा पुन्ना नेशील का?" ती म्हणाली, नेईन. सायकलीचा विषय कोणी काढला नाही. माझ्याकडे वळून तात्यांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. जावयाला हात जोडण्याची तिकडे रीत आहे. ती रीत त्या दिवशी मला सोसवली नाही.

धरणाच्या काठी, जिथे मी किल्ली घेतली होती, तिथे मी थांबायला सांगितले. डिकीतून नारळ आणला, कापड सोडले, आणि तिच्यापुढे धरून म्हणालो, तू फोड. कोणी नव्हते, फक्त पक्षी होते. कोणी नसताना हे मी सहज करू शकलो, याचीही मला लाज वाटली.

तिने नारळ हातात घेतला, कानाशी हलवून पाणी ऐकले, आणि पुन्हा कापडात गुंडाळला.

"एका गाडीला दोनदा नारळ फुटत न्हाई," ती म्हणाली. माहेरची बोली अजून तिच्या जिभेवरून उतरली नव्हती. "बसा. उजेडात घाट उतरायला हवा."

उतारावर मी कडे धरले नाही. तेवढेच माझ्या हाती होते. ढाब्यावर मास्तर नव्हते, पण सौ.ने त्यांना फोन लावला. मराठवाड्यात एका भंगारातल्या गाडीचा डावा डोळा शिल्लक आहे, असे त्यांनी सांगितले. तो अद्याप यायचा आहे. तोवर गाडी एका दिव्याने वळच्या गोदामांना जाते, दिवसाउजेडी.

आता ती मागच्या गल्लीत थांबत नाही. मी तशी विनंती केली, आणि ती विनंती तोंडी केली. कचेरीच्या दारात मोठ्या गाड्यांच्या मध्ये गाडी थांबते, शेळीचा हॉर्न वाजतो, मी उठून डबा घेतो. सासुरवाडीत जे वाक्य निघाले नाही ते येथे लिहून ठेवतो: गाडी सुलोचनेच्या नावावर आहे, ती सुलोचनेने घेतली, आणि तीच ती चालवते.

परतल्यावर पहिल्याच दिवशी नारपोलीहून एक गृहस्थ आले. घर बायकोच्या नावावर, अर्ज तिच्या नावाने. त्यांनी पेन मागितले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, बाईला कशाला उन्हात आणायचं? मीच करतो तिची सही." असे पक्षकार नेहमी येतात आणि माझे उत्तर पाठ आहे: ज्याच्या नावावर, त्याचीच सही. मी ते करड्या आवाजात सुनावीत आलो आहे. त्या दिवशी आवाज करडा निघाला नाही. मी पेन टोपणात घातले आणि म्हणालो, "त्यांना घेऊन या. आणि मी वकील नाही, अर्ज लिहितो." ते गृहस्थ माझ्याकडे, आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहत निघून गेले.

दुपारी डबा उघडला. गवारीच्या भाजीवर ओले खोबरे भरपूर पेरलेले होते. पहाटे खवणीचा आवाज ऐकला तेव्हाच मी ओळखले होते, पण उठून पाहिले नव्हते. तीच भाजी त्या दिवशी वळच्या सर्व डब्यांत गेली. संध्याकाळी भांडी घासताना सुलोचना सांगत होती की पोरांनी भाजी मागून मागून खाल्ली.

"नारळ गोड निघाला," ती म्हणाली.

मी तिच्या हातून डबे घेतले आणि पुसायला बसलो.